धारेपर्यंत पायी



आज आम्ही एका पायवाटेबद्दल बोलणार आहोत. वाट लांबची नाही. लेकरांना घेऊन, सत्तरीच्या आजीला हात देऊन जाता येईल एवढीच आहे, आणि ती दाखवायला वाटाड्या लागत नाही. ही वाट लोणारच्या धारेची. धार म्हणजे डोंगराच्या कुशीतून बारा महिने वाहणारा झरा. आजूबाजूला मैलोन्‌मैल काळं रान, उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन, कोरड्या विहिरी, आणि मध्येच हे दगडातून येणारं पाणी.

आम्ही जालन्याच्या एमआयडीसीला लागून राहणाऱ्या बाया. आमच्या गटातल्या निम्म्या जणी बियाण्याच्या गोदामात निवडायला, पॅकिंगला जातात. काहींचे घरधनी सळयांच्या कारखान्यात भट्टीवर आहेत. दोघी-तिघी अजून आपापल्या शेतात राबतात. पाण्याचं म्हणाल तर प्यायला जार, वापरायला टँकर, आणि उन्हाळा कडक असला की नुसती टँकरची वाट. पाण्यासाठी चालणं आम्हाला नवं नाही. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन आमच्यातली एकेक जण पृथ्वीप्रदक्षिणा झाली असेल इतकी चालली आहे. पण नुसतं पाणी बघायला म्हणून घराबाहेर पडायचं, हे आमच्या घरच्यांना आधी पटेना. देवाला जाते म्हटलं की कुणी अडवत नाही. झरा बघायला जाते म्हटलं की विचारतात, कशाला? त्या ‘कशाला’चं उत्तर आम्हाला तिथं गेल्यावर मिळालं, तेच आज सांगायचं आहे.

आधी जायचं कसं ते. जालन्याहून दोन रस्ते आहेत. एक मंठ्यावरून. दुसरा सिंदखेडराजावरून मेहकरच्या रस्त्याला लागून सुलतानपूरपर्यंत, आणि तिथून उजवीकडं वळून बारा किलोमीटरवर लोणार. आम्ही सिंदखेडराजाच्या रस्त्यानं गेलो, कारण जिजाऊंचं जन्मगाव वाटेत लागतं. एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. म्हणजे आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आक्काचं तिकीट शून्य. ती म्हणाली, “आता तर मी रोज जाईन!” उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ विचारून घ्या. लोणार आता आपल्या जिल्ह्यात नाही, बुलढाण्यात आहे, आणि संध्याकाळी गाड्या कमी होतात.

लोणार गाव विवराच्या काठावरच वसलंय. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ आधी बघून घ्या. सातआठशे वर्षांपूर्वीचं काळ्या दगडाचं कोरीव काम आहे. लोणासूर नावाचा दैत्य इथल्या खड्ड्यात राहायचा, विष्णूनं त्याला मारलं, म्हणून दैत्यसूदन. तळ्याचं खारं पाणी म्हणजे त्याचं रक्त, असं जुनी माणसं सांगतात. तिथून विचारत विचारत धारेवर पायी जाता येतं. कुणालाही ‘धार कुठं?’ म्हणा, बोट दाखवतील.

धारेपाशी पोचलं की पहिल्यांदा कानाला कळतं. मग पायऱ्या, देवळं, दगडी भिंती, आणि गोमुखातून कुंडात पडणारं पाणी. जुन्या लोकांच्या तोंडी याला गंगा भोगावती असंही नाव आहे. काशीची गंगा जमिनीखालून इथं येते अशी श्रद्धा आहे, आणि लोक भक्तीनं नहात आले आहेत. आमच्या आक्कानं भिंतीच्या ओल्या दगडाला हात लावला, बराच वेळ तसाच ठेवला आणि म्हणाली, “दगडाला पाझर फुटला म्हणतात, तो हा बाई. मला वाटायचं नुसतं म्हणायचं असतं.”

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलतो. पाळी असेल तर देवळात जायचं का नाही, हे ज्याच्या त्याच्या घरचं. पण झरा बघायला गाभाऱ्यात जावं लागत नाही. त्या कारणानं कुणी घरी बसू नका.

आता, हे पाणी येतं कुठून? श्रद्धा आपल्या जागी, पण शास्त्रज्ञांनी तपासून सांगितलेलं आम्हाला जास्त जवळचं वाटलं, कारण त्यात आपलं शेत येतं. हे पावसाचंच पाणी आहे. विवराच्या काठावरच्या रानात, मागच्या शेतांत जो पाऊस पडतो, त्यातला काही जमिनीत मुरतो. आपल्या मराठवाड्याची आणि विदर्भाच्या या कडेची जमीन खाली लाव्ह्याच्या थरांची आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेला रस एकावर एक पसरला आणि थिजला. विहीर खोदणाऱ्या माणसाला हे थर तोंडपाठ असतात: वर काळी माती, मग मुरूम, मग कुठं मांजऱ्या, कुठं अखंड काळा पाषाण, मध्येच एखादा लाल गेरूचा पट्टा. मांजऱ्यात आणि फुटलेल्या खडकात पाणी शिरतं, साठतं, सरकतं. पाषाणात शिरत नाही. मग ते पाषाणाच्या माथ्यावरून आडवं वाहत राहतं, पत्र्याच्या छपरावरून पाणी वाहावं तसं. कुठं तो थर उघडा पडला की पाणी बाहेर येतं.

आपल्या गावात तो थर उघडा पडत नाही, जमिनीच्या पोटात राहतो. म्हणून आपल्याला दिसतं ते फक्त विहिरीच्या तळाचं पाणी. लोणारला मात्र जमीनच कापली गेली आहे. आकाशातून आलेला एक मोठा दगड इथं आदळला. विवर १८०० मीटर, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर रुंद आणि साधारण दीडशे मीटर खोल. पूर्वी लोकांना वाटायचं की हे ज्वालामुखीचं तोंड आहे. १९७३ साली खडकांच्या तपासणीतून उल्कापातच असल्याचं पुढं आलं. काळ्या बेसाल्ट खडकात झालेलं एवढं मोठं आणि इतकं नीट टिकलेलं विवर जगात बघायला मिळणं कठीण, म्हणून बाहेरदेशातून लोक येतात. वय किती, यावर अजून एकमत नाही. एका मोजणीनं बावन्न हजार वर्षं, दुसरीनं पाच लाख सत्तर हजार. आम्हा बायांना त्याचं काही फार वाटलं नाही. जात्याचं पाळं फुटलं तर आतला दगड दिसतो, तसं हे जमिनीचं पोट उघडं पडलं आहे आणि आतलं पाणी बाहेर झिरपतंय, एवढं पुरे.

जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ साली या तळ्याची नोंद केली, म्हणून पुस्तकात त्याचं नाव असतं. अकबराच्या काळच्या ‘आइन-ए-अकबरी’तही उल्लेख आहे. शोध लागला म्हणतात ते वाचून गंमत वाटते. त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून इथं देवळं आहेत, म्हणजे पाणी भरणाऱ्या बायाही असणारच.

धारेच्या पुढं पायऱ्यांनी आणि पायवाटेनं विवरात उतरता येतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी धारेपाशीच बसावं. खाली जायचं तर वनविभागाच्या सूचना पाळा, कारण हे २००० सालापासून अभयारण्य आहे. पायात चप्पल नको, पट्ट्याचे किंवा बंद बूट घाला. पाणी बरोबर घ्या, एकीला दोन लिटर. धारेचं पाणी तसंच पिऊ नका, वर गाव आहे आणि विवरात उतरणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न नागपूर खंडपीठापुढं कितीतरी वर्षं चालू आहे. उतरण्याआधी मोकळं होऊन घ्या, खाली सोय धरून चालू नका. वानरं फार आहेत, भाकरीचं गाठोडं हातात उघडं धरलंत तर ते त्यांचंच समजा. आणि पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या दगडांवरून उतरू नका. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत चांगलं. पण आमचं मत विचाराल तर एकदा मे महिन्यात, अगदी सकाळी, धारेपर्यंतच जा. आपल्या घरी टँकरची वाट बघून आलेल्या बाईलाच त्या पाण्याचा अर्थ कळतो.

उतरताना हवा बदलते. वरचं रान कोरडं, आणि धारेचं पाणी जिथं जिथं झिरपत जातं तिथं गार सावली, साग, सीताफळं, मोर. पूर्वी याच पाण्यावर विवराच्या आत लोक शेती करायचे, केळीसुद्धा होती. अभयारण्य झाल्यावर ती थांबली. मधूनमधून वेडी बाभूळ माजलीय, ती आपल्याकडंही कुठं नाही?

आणि मग तळं. इथं आम्ही एक प्रयोग केला, तो तुम्हीही करा. घरून हळदीचं बोटभर गंध कालवून न्यायचं. एका तळहातावर टिकली काढून त्यावर धारेच्या पाण्याचा थेंब टाकायचा. हळद पिवळीच राहते. दुसऱ्या तळहातावर तळ्याच्या पाण्याचा थेंब. हळद लाल होते, कुंकवासारखी. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तेच हे. तळ्याचं पाणी साबणासारखं खारं आहे. पूर्वी इथला खार गोळा करून साबणासाठी विकायचे, आणि लोण म्हणजे मीठ, गावाचं नावच त्यावरून. हात लगेच धारेच्या पाण्यानं धुवा, आणि हळदीचं पाणी तळ्यात सांडू नका.

वरून गोडं पाणी येतं आणि खाली खारं का होतं? कारण तळ्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही. येतं ते धारेतून, पावसातून, जमिनीतून. जातं फक्त उन्हानं, वाफ होऊन. पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडाला पांढरा थर चढतो तो आपण चिंचेनं घासतो. इथला हंडा हजारो वर्षं कुणी घासलेलाच नाही. २०२० च्या जूनमध्ये पाणी आटून खार वाढला आणि तळं गुलाबी झालं, तुम्ही मोबाईलवर बघितलं असेल. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळं तो रंग होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर यादीत, म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत जागा मिळाली.

तळ्याच्या काठी कमळजा देवीचं देऊळ आहे, नवरात्रात तिथं यात्रा भरते. पाण्याची पातळी कधी देवळापासून लांब असते, कधी पार देवळाशी येते, म्हणून तिथवर जाता येईल का ते वरच विचारा. देवळासमोर तळ्यातच एक विहीर आहे, पाणी ओसरलं की दिसते. तिचं नाव सासू-सुनेची विहीर. अर्धं पाणी गोड, अर्धं खारं म्हणतात. गोड कुणाचं आणि खारं कुणाचं, यावर आमच्यात परतीच्या गाडीत सिंदखेडराजापर्यंत वाद चालला होता. गटात सासवाही आहेत आणि सुनाही, त्यामुळं निकाल लागला नाही.

आता त्या ‘कशाला’कडं येऊ.

धार बघून वर आलो तेव्हा काठावरून आजूबाजूचं रान दिसत होतं. हरभरा सोंगून झालेला, तुरीच्या पळकाट्या रचून ठेवलेल्या. आमच्यातली एक जण, जिचं शेत आहे, ती म्हणाली, “म्हणजे ह्या शेतात बोर मारला तर खालची धार बारीक होणार.” कुणी शिकवलं नव्हतं. दगडातलं पाणी डोळ्यांनी बघितलं आणि तिला हिशेब कळला. मग सगळ्याच बोलायला लागल्या. वस्तीची विहीर अमक्या साली आटली, त्याच सुमाराला शेजारी बोर झाले होते. एकाचा दीडशे फूट, दुसऱ्याचा तीनशे, मग चारशे. प्रत्येकाला वाटतं आपल्या हद्दीतलं पाणी आपलं. पण थर हद्द ओळखत नाही. वर मुरतं एकाच्या शेतात, फुटतं दुसऱ्याच्या विहिरीत.

याला कायदा आहे, आणि तो आपल्या बायांना माहीत असला पाहिजे. महाराष्ट्रात २००९ चा भूजल कायदा आहे. शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोर घेता येत नाही. आणि पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीच्या ५०० मीटरच्या आत वाटेल तसा बोर मारता येत नाही, हे तर १९९३ पासून आहे. कायदा दोनशे फुटांवर थांबतो आणि बोरची गाडी चारशेवर. ही गाडी रात्री येते हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या पिण्याच्या विहिरीपासून हा बोर किती पावलांवर आहे, आणि परवानगी कुठं आहे? भांडायची गरज नाही. विचारणारी एकटी नसावी, एवढं मात्र बघा.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ऐकून नुसता जीव खाली-वर होईल. आपल्या भागात वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. कमी आहे, पण अगदीच नाही असं नाही. जालना तालुक्यातल्या कडवंचीनं १९९६ पासून माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली, पाणी शेतातच अडवलं, जिरवलं, पुढं शेततळी केली. आज तिथं द्राक्षं आहेत. तेच जालना, तोच खडक, तोच पाऊस. तिथल्या लोकांनी धारेच्या वरचं शेत सांभाळलं असं आम्ही आमच्या भाषेत म्हणतो.

आणि एक मोजमाप शिका. तुमच्या गावाशेजारी बारीकसा झरा असेल, किंवा पावसाळ्यात विहीर उतू जाऊन ओहळ वाहत असेल, तर दहा लिटरची बादली घ्या आणि मोबाईलवर वेळ लावा. बादली वीस सेकंदांत भरली तर मिनिटाला तीस लिटर झाले. बोटाएवढी धार असते ती, आपण तिच्याकडं बघतही नाही. पण दिवसाचे होतात ४३ हजार २०० लिटर, मोठ्या टँकरच्या चार खेपा. सरकार माणशी रोज ५५ लिटर धरतं, त्या हिशेबानं पावणेआठशे माणसांचं पाणी. हे आम्ही गाडीत बसल्या बसल्या मांडलं, बचतीचे हिशेब करणारी आमची सचिव त्यात तरबेज आहे. तीन वेळा मोजायचं आणि सरासरी काढायची. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी.

ज्यांच्याकडं झरा नाही, आणि आमच्याकडंही नाही, त्यांनी विहीर मोजावी. भूजल सर्वेक्षण विभाग काही ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतो, पण आपली विहीर त्यात असेलच असं नाही. आम्ही नायलॉनची दोरी घेतली. हातभर अंतरावर गाठी नकोत, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. शिंप्याच्या टेपनं मोजून मीटरा-मीटरावर गाठ मारली, दर पाचव्या गाठीला लाल चिंधी बांधली, टोकाला वजन म्हणून जुन्या कुलपाचा तुकडा. विहिरीच्या काठावर एक खूण केली आहे, दोरी तिथूनच सोडायची. पाण्याला टेकली की हाताला हलकं लागतं. किती गाठी खाली गेल्या ते लिहायचं, शेजारी पाऊस झाला असेल तर तेही, आणि जवळपास नवा बोर झाला असेल तर त्याची तारीख. पौर्णिमेला मोजतो, म्हणजे दिवस विसरत नाही. दोरी आणि वही गटाच्या पेटीत असते, पासबुकांच्या शेजारी.